टिंबांच्या जागी

एकनाथराव : हे मराठी नाही, शिल्पा. हे काय आलंय ते तू येऊन बघ.

शिल्पा : हळू बोला, अप्पा. आत्ता कुठं झोपलीय ती. आईचं नेटवरचं पान उघडलं ना?

एकनाथराव : उघडलं. वर तुझ्या आईचा फोटो आहे, कडेला तिनं लावलेली गुलाबाची वेल आहे. सगळं जागच्या जागी. खाली अक्षरांच्या ठिकाणी हे. डॉलर, कंस, डोक्यावर टोपी घातलेला ए.

शिल्पा : रिफ्रेश करा.

एकनाथराव : कॉम्प्युटरवाल्या मुजीबनं केलं की चार वेळा. जाताना म्हणाला, अंकल, इंजन नया है, डब्बे पुराने हैं, जोड नै बैठ रा.

शिल्पा : सरका जरा. एन्कोडिंगचा प्रॉब्लेम असेल. हे नाही... हेही नाही. अप्पा, तो जुना ब्राउझर कुठंय? निळा ई होता तो?

एकनाथराव : तो काढला.

शिल्पा : काढला म्हणजे?

एकनाथराव : काल तूच दवाखान्यातून मुजीबला फोनवर सांगितलंस. भय्या, वो पुराना निकाल दो, नया डालो, पुराने में वायरस आता. त्यानं काढला, नवा घातला. वर सफाईपण करून दिली म्हणाला, मशीन हलकं झालं.

शिल्पा : सफाई केली?

एकनाथराव : का? करायची नव्हती?

कमल : काय चाललंय बापलेकीचं? आज घरी आलीस आणि आजच त्या डबड्यापुढं वाकून बसलीस? बाळंतीण आहेस की कारकून? कानाला फडकं कुठंय तुझं?

शिल्पा : मावशी, एक मिनिट. आईचं पान गेलं.

कमल : कुठं गेलं?

शिल्पा : आहे, पण वाचता येत नाही.

कमल : मग दाजींना म्हणावं चष्मा लावा.

एकनाथराव : लावलाय.

शिल्पा : मावशी, आईनं दहा वर्षांपूर्वी ज्या मराठी अक्षरांत आपले नवे-जुने पाळणे लिहायला सुरुवात केली ना, ती त्या जुन्या ब्राउझरमध्येच दिसायची. दुसऱ्याच एका कंपनीच्या साइटवरून आपोआप उतरायची आणि आपल्या मशीनमध्ये बसून राहायची. ती कंपनी कधीच बंद पडली. मशीनमध्ये बसली होती तेवढीच शिल्लक होती. आता जुना काढला, सफाई केली, त्यात तीही गेली.

कमल : मग परत बसव जुना. मुजीबला बोलाव.

शिल्पा : जुना बसवला तर ज्या साइटवर आईचं पान आहे ती त्याला आत घेत नाही. म्हणून तर बदलावा लागला. आणि कुठून तरी पान उचलून जुन्यात आणलं, तरी ती अक्षरं कुठून आणू?

कमल : म्हणजे नव्याला वाचता येत नाही आणि जुन्याला कोणी दार उघडत नाही.

शिल्पा : हौ. तसंच.

कमल : आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच झालं. काढा घे आधी. गार होतोय.

शिल्पा : पण असं एकदम बंद करत नाहीत, अप्पा. आधी सांगतात. महिनोन्महिने सांगतात.

एकनाथराव : वर पिवळी पट्टी यायची.

शिल्पा : कधीपासून?

एकनाथराव : तुझी आई होती तेव्हापासून. ती म्हणायची, काय विचारतायत बघा हो. मी वाचलं. तुमचा ब्राउझर जुना झालाय, नवा घ्या. मला वाटलं जाहिरात. हल्ली दुसरं काय सांगतात? टीव्ही जुना झाला नवा घ्या, फोन जुना झाला नवा घ्या. तुझी माधापूरला नोकरी लागली तेव्हा आणलेलं हे मशीन, त्यालाही येणारा-जाणारा जुनं म्हणतो. मी तिला म्हटलं, कोपऱ्यात फुली आहे, ती मार म्हणजे जातं. ती मारायची. ती गेल्यावर मी मारायचो. रोज संध्याकाळी आधी फुली, मग पान. परवा उघडलं तर फुलीच नव्हती. पानभर तेच लिहिलेलं.

शिल्पा : मला सांगायचं ना लगेच.

एकनाथराव : परवा तुला कळा सुरू होत्या, बाई. तेव्हा काय ब्राउझरचं सांगू?

कमल : जाऊ दे ते पान. एवढं तोंड पाडायला काय झालं? अक्काचे पाळणे त्या मशीनच्या भरवशावर आहेत का? आमच्या अमितचा मला पाठ आहे. रुपालीच्या पोरीचा पाठ आहे. काचीगुड्यापासून जांबागेपर्यंत आपल्या लोकांची जेवढी बारशी झाली, तेवढ्यांना अक्कानं नवा पाळणा करून दिला आणि मी शेजारी बसून म्हटला. कोणाचा पाहिजे सांगा.

एकनाथराव : हिचा म्हणून दाखव.

कमल : कोणाचा?

एकनाथराव : ही झोपलीय तिचा.

कमल : हिचा कुठला? अक्का गेली तेव्हा ही पोटात होती.

एकनाथराव : केला होता. शिल्पानं फोनवर सांगितलं ना, त्याच आठवड्यात बसली होती लिहायला.

कमल : अय्यो! मला बोलली नाही.

एकनाथराव : कोणालाच नाही.

कमल : तेही बरोबरच. पोटातल्याचा पाळणा आधी म्हणत नसतात. आमच्याकडं झबलंसुद्धा आधी शिवत नाहीत.

शिल्पा : पण मग लिहिला कसा तिनं? लिहिलेला चालतो?

एकनाथराव : मीही तेच विचारलं. म्हटलं, तुझं हे वेड आहे तर निदान एका कागदावर उतरवून ठेव. नको म्हणाली. कागदावर आलं म्हणजे पक्कं झालं, नजर लागते. कॉम्प्युटरवर चालतं म्हणाली. तिथं काय, बटण दाबलं की पुसलं, तो थोडाच कागद आहे. मी हसलो. तर मलाच म्हणाली, हसू नका, बाहेर जाऊन बसा.

कमल : अक्का ती अक्काच.

शिल्पा : तुम्ही तर वाचलाय ना, अप्पा?

एकनाथराव : नाही.

शिल्पा : आई गेल्यावर रोज पान उघडत होतात!

एकनाथराव : उघडायचो. वरचा फोटो बघायचो. अमितचा वाचायचो, रुपालीच्या पोरीचा वाचायचो. खाली जायचो नाही. ती म्हणाली होती, बारशाला सगळ्यांबरोबर ऐका, त्याच्या आधी डोकावलात तर याद राखा. तुझं व्हायचं होतं अजून. मला वाटलं, एवढं तरी तिच्या मनासारखं करावं.

कमल : चुकलं नाही तुमचं, दाजी.

एकनाथराव : चुकलं नसेल. पण आता पुढच्या रविवारी बारसं, आणि पाळणा कोणी ऐकला नाही, कोणी वाचला नाही, कागदावर नाही. तिच्या हातचं या पोरीसाठी एवढंच होतं. झबलंही शिवलं नाही तिनं.

शिल्पा : थांबा. शेवटपर्यंत जाऊन बघते. रुपालीताईच्या मुलीचा हा... त्याच्या खाली... हां, सगळ्यात खालचा हाच. चार कडवी दिसतायत. सगळा कचरा... अप्पा, इथं बघा. शेवटच्या ओळीत.

एकनाथराव : काय आहे?

शिल्पा : टिंबं. ओळीनं टिंबं. एवढीच नीट दिसतायत.

कमल : टिंबं कशाला?

एकनाथराव : नावाची जागा सोडलीय. मुलगा का मुलगी तेही तिला माहीत नव्हतं.

शिल्पा : टिंबाला फॉन्ट लागत नाही, म्हणून राहिली.

०

एकनाथराव : हळू म्हण, कमल. ओळ सुटते माझी.

कमल : पाळणा हळू म्हटला की पोर झोपतं, दाजी, मीही झोपेन. परत घेते.
जांबागेच्या गल्लीत
पोर आलं हासत
टांगेवाल्या थांब जरा, जो जो...

एकनाथराव : थांब. पोर आलं हासत. इथं जास्त आहे काहीतरी. हासतच्या खुणा दोनदा आल्यात.

कमल : मग अक्कानं हासत हासत लिहिलं असेल. मी एकदाच म्हणते. माझा दम पुरत नाही.

एकनाथराव : सगळीकडं असंच केलंस का?

कमल : सगळीकडं नाही. जिथं लांब वाटलं तिथं. अमितच्या बारशाला कोणाच्या लक्षात आलं नाही, आज इतक्या वर्षांनी तुम्ही पकडायला बसलात.

शिल्पा : भांडू नका. मावशी, तुम्ही जसं लिहिलेलं असेल तसं आठवा. अमितदादाचा वर कचऱ्यात आहे आणि तुमच्या तोंडात आहे. दोन्ही समोरासमोर ठेवले की कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर ते कळतं. मग तेच खाली लावायचं.

कमल : आणि तुमच्या ऑफिसातले ते हुशार लोक? त्यांना पाठवणार होतीस ना?

शिल्पा : पाठवलं. त्यांच्याकडे बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण मोठ्या कंपन्यांच्या अक्षरांचे. ह्या अक्षरांचं नावसुद्धा कोणी ऐकलं नाही. एक जण म्हणाला, इतकं महत्त्वाचं होतं तर बॅकअप का नाही घेतला.

एकनाथराव : काय सांगितलंस मग?

शिल्पा : काही नाही. सॉरी, थँक्यू म्हटलं.

एकनाथराव : हं. हे बघ, जो जो प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतं, म्हणून ज सापडला. जांबागमधून ब आणि ग. टांग्यातून ट. कागद कुठं गेला माझा?

कमल : ह्याच्यावर? दाजी, हे कॅलेंडरचं पान फाडलंत? यावर एकादशी आहे!

एकनाथराव : मागची बाजू कोरी आहे. आणि ती एकादशी होऊन गेली.

शिल्पा : अप्पा, ही खूण कुठली? छत्रीसारखी.

एकनाथराव : ती अमितच्या पाळण्यात नाही. रुपालीच्या पोरीच्यात बघावी लागेल. कमल, तो म्हण.

कमल : आधी चहा. आणि उद्या काय शिजवायचं ते सांगा. निजामाबादेहून आपल्या जावयाच्या, विक्रमच्या घरची बारा माणसं येणार, घुगऱ्या भिजत घालायच्यात, पाळणा सजवायचाय. तुम्ही दोघं शाळेतल्यासारखं क ख ग करत बसलात.

एकनाथराव : एक ओळ लागली.

शिल्पा : काय?

एकनाथराव : पहिलीच. शि, ट्टी. शिट्टी. झा, ली. शिट्टी झाली... गा, डी, ची. शिट्टी झाली गाडीची.

कमल : कसली गाडी?

एकनाथराव : आपली. स्टेशनची. दुसरी कुठली शिट्टी ऐकू येते या घरात?

शिल्पा : पुढं?

एकनाथराव : पुढच्या काही खुणाही अमितच्यात नाहीत, आणि खालच्या कडव्यात ती छत्री आहे.

कमल : रुपालीच्या पोरीचा म्हणते मी, चला. चहा राहू दे.

शिल्पा : मावशी, आता काही उपयोग नाही. बारसं उद्या आहे. एका ओळीला सकाळ गेली. चार कडवी कशी होणार?

एकनाथराव : मग बारसं पुढं ढकला.

कमल : काय?

एकनाथराव : ढकला म्हणतोय. बाराव्याच दिवशी पाहिजे असं कुठंय? महिन्यानं करतात लोक.

कमल : माणसं गाडीत बसलीत, दाजी! विक्रम बंगलोरहून रजा काढून निघाला. आणि त्या तेलंगणाच्या बंदचं काय सांगता येतं? परवा परत बस बंद, परत रेल्वे रोको. उद्या आहे तर उद्या होऊ द्या.

एकनाथराव : ज्या बारशासाठी तिनं केला, त्या बारशाला तो म्हटला नाही तर मग कधी म्हणायचा?

कमल : मग काय करू? येत नाही तो कसा म्हणू? तुम्ही सांगा.

शिल्पा : अप्पा, मावशींवर नका ना रागावू.

एकनाथराव : मी रागावलो नाही.

कमल : उद्या मी अमितचाच म्हणेन. अमितच्या जागी पोरीचं नाव घालेन. अक्काचाच आहे ना तोही? तिच्याच हातचा.

शिल्पा : तो आईचाच आहे, अप्पा.

एकनाथराव : आहे. पण तो अमितचा आहे.

कमल : मला काय वाटत नाही का? ती माझी बहीण होती. शेजारी बसून मी म्हणायचे तिचे पाळणे, आणि हा मलासुद्धा सांगितला नाही तिनं.

एकनाथराव : बरं. घुगऱ्यांना हरभरे किती भिजवायचे ते सांग. मी आणतो.

०

(बारसं होऊन महिना झाला आहे. शिल्पा उद्या बाळाला घेऊन बंगलोरला निघणार. बॅगा दाराशी भरून ठेवल्या आहेत.)

शिल्पा : मावशी, तूप काढून ठेवा. एवढे लाडू विमानात नेऊ देत नाहीत.

कमल : देतात. ब्लाऊजच्या कपड्यात गुंडाळ. दाजी कुठं गेले?

एकनाथराव : इथंच आहे. बसा जरा दोघी.

कमल : बसायला वेळ नाही, अजून झबली वाळलेली नाहीत.

एकनाथराव : लागला सगळा.

शिल्पा : पाळणा?

एकनाथराव : सकाळी शेवटी छत्री निघाली. ती ष होती. एकाच शब्दासाठी अडून बसलो होतो.

कमल : कुठल्या?

एकनाथराव : चष्मा.

शिल्पा : वाचा ना.

एकनाथराव : मला नीट वाचता येईल असं वाटत नाही. तू वाच.

शिल्पा : माझं मराठी वाचन तुम्हाला माहितेय, अप्पा. शाळेत तेलुगू घेतली मी. अडखळत वाचीन.

एकनाथराव : मीही अडखळतच लावलाय. वाच.

शिल्पा : शिट्टी झाली गाडीची... झोप मोडेल बाळाची... हळू जा गं आगगाडी, गावाकडं नि... निघालेली.

कमल : आगगाडी म्हणाली. आमची आई म्हणायची तसं.

शिल्पा : आजोबांचा चष्मा गं, बाळाच्या मुठीत गं. रागवायला आले आणि चष्म्याशिवाय हसून गेले.

कमल : बघा. तुम्हाला ओळखून होती.

एकनाथराव : पुढं वाच. पुढं तुझं आहे, कमल.

कमल : माझं?

शिल्पा : मावशीआजी बोलते फार, तिच्या लाडवात तूप फार... मावशी, हसवू नका, मला वाचू द्या... एक आईनं खावा आता, एक बांधून न्यावा घरी.

कमल : मी फार बोलते? मी? स्वतः फोनवर बसली की दूध उतू जायचं हिचं! आणि तूप कमी घालून लाडू वळतात का? सांगायला पाहिजे होतं... जाऊ दे. वाच तू.

शिल्पा : आत्या येईल कानाशी, बोलेल हळू बाळाशी. सगळ्यांनी मग हाक मारा... इथं टिंबं. मग परत टिंबं. मग, म्हणा.

कमल : मेधा, मेधा म्हणा.

शिल्पा : बसतंय बरोबर.

एकनाथराव : नाव कुठलंही बसलं असतं. तिनं तशीच जागा सोडली होती.

कमल : आण इकडं. आत्ता म्हणते. बारशाला नाही तर नाही, जायच्या आधी तरी पोरीच्या कानावर पडू दे. तिला मांडीवर दे माझ्या. हां. शिट्टी झाली गाडीची... झोप मोडेल बाळाची... हळू जा गं आगगाडी... गावाकडं... नाही. गावाकडं निघाले... नाही बसत.

शिल्पा : काय नाही बसत?

कमल : ओळ लांब आहे. यात जो जो कुठंय? अक्काचा प्रत्येक पाळणा जो जो वर संपायचा. एकच चाल सगळ्यांची, नुसते शब्द बदलायचे. याची ती चाल नाही.

एकनाथराव : शेवटची ओळ तोडून म्हण. अमितची तोडायचीस तशी.

कमल : नक्को, दाजी. ही तोडणार नाही मी. याला तिनं वेगळी चाल लावली होती. आपल्या पोरीच्या पोरीला वेगळी.

शिल्पा : पण मग चाल कुठं असेल? तीही लिहिलीय का कुठं?

कमल : चाल कोण लिहितं? चाल डोक्यात असते. काम करता करता बसते. म्हणायचं नव्हतं, पण गुणगुणायला कोण अडवतं? गुणगुणली असणारच. दाजी, ऐकलं का तुम्ही कधी?

एकनाथराव : ऐकलं.

कमल : कधी?

एकनाथराव : रोज. संध्याकाळी भाजी निवडत बसायची तेव्हा. शब्द नसायचे. तोंड मिटलेलं असायचं. मला वाटायचं, असंच काहीतरी.

शिल्पा : अप्पा! मग आठवा ना.

एकनाथराव : शब्द लागायला लागले त्या दिवसापासून तेच करतोय. पहिलं कडवं लागलं तेव्हाच मला कळलं होतं, ही तिची ती चाल आहे. स्टेशनच्या पुलावर जाऊन उभा राहतो. तिथं कोणी बघत नाही. म्हणून बघतो. सुरुवातीला वर जायची, मग... मग येत नाही.

कमल : वर जाऊन कुठं जायची? थोडं तरी म्हणून दाखवा. मी पुढं ओढते.

एकनाथराव : शिट्टी झाली... नाही. ही तुझी चाल आली. अमितची. सारखी तीच मध्ये येते.

कमल : संध्याकाळी तुमच्या बातम्या असायच्या ना? मी फोन केला तरी तोच आवाज ऐकू यायचा. अक्का म्हणायची, थांब, यांचा बंद संपू दे.

एकनाथराव : हौ. आंदोलनाच्या बातम्या असायच्या. तिचं गुणगुणणं मध्ये आलं की मी आवाज वाढवायचो.

शिल्पा : तुम्हाला काय माहीत होतं, अप्पा.

एकनाथराव : माहीत नव्हतं.

शिल्पा : मी एक करू का? विक्रमचा एक मित्र गातो. त्याला शब्द देते, तो छान चाल लावेल. रेकॉर्ड करून पाठवते तुम्हाला.

एकनाथराव : लाव. पोरीला झोपवायला काहीतरी पाहिजेच. पण मला पाठवू नको एवढ्यात.

शिल्पा : का?

एकनाथराव : नवी कानात बसली की जी थोडी आठवते तीही जाईल. ती वर जाते ना, तेवढीच आहे माझ्याकडं.

कमल : नको पाठवू त्यांना. ऐक त्यांचं.

शिल्पा : बरं. नाही पाठवत. अप्पा, ह्याची एक प्रत करते माझ्यासाठी. आणि मशीनमध्ये हा नवीन अक्षरांत लिहून ठेवते. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसतील.

एकनाथराव : आज दिसतील.

शिल्पा : हो. आज दिसतील. म्हणून कागदावर पण ठेवते.

एकनाथराव : कागदावर ठेव. आता चालतं. ती म्हणायची, बाळ होईपर्यंतच नको.

शिल्पा : टिंबांच्या जागी नाव लिहू का?

एकनाथराव : तुझ्या हातानं लिही.

शिल्पा : मे... धा. असंच ना? धा ला वर रेघ पूर्ण येत नाही ना?

एकनाथराव : नाही येत. असंच. बरोबर आहे.

कमल : झोपली बघा. बिनचालीचीच झोपली. दे, पाळण्यात ठेवते. झबली काढा कोणी तरी.

शिल्पा : अप्पा, बारशाला सासूबाई म्हणाल्या होत्या, आजीचा पाळणा लागला की आम्हालाही ऐकवा. त्या आता बंगलोरला आल्यात, उद्या भेटल्यावर विचारतील. काय सांगू?

एकनाथराव : सांग, पुरा लागलाय. म्हणायचा राहिलाय.